सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉपवर लिनक्स बसत नाही? डिस्ट्रो बदलायच्या आधी बायोस बघा

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. दुकानासाठी एका नामांकित कंपनीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतलाय. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज आणि सोबत १ टीबीची रिकामी हार्डडिस्क. विकणाऱ्याने जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्डही घालून दिलं. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन यांच्यासाठी विंडोज ठेवायचंच आहे. मुलीला इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला लिनक्स हवंय. उबुंटू या डिस्ट्रोचा (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) इन्स्टॉलर ‘आरएसटी बंद करा’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोने काही तक्रार केली नाही, पण त्याला फक्त हार्डडिस्क दिसली. तिच्यावर टाकलं, तर मशीन सरळ विंडोजमध्येच उघडतं. बायोसमध्ये (मशीन चालू होताना सर्वात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) जाऊन डिस्कचा मोड एएचसीआय केला, तर विंडोजचा निळा पडदा. शिवाय इन्स्टॉलर उघडताना स्क्रीन काळी पडते, ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलं तरच उघडतो. आणि शेवटी विचारलंय: या मशीनवर नक्की चालेल अशी डिस्ट्रो कोणती?

कोणतीही चालेल. आणि आत्ता आहे त्या स्थितीत कोणतीच धड चालणार नाही. तुमच्या चारही तक्रारी लिनक्स सुरू होण्याच्या आधीच्या आहेत. तिसरी, चौथी डिस्ट्रो आणून पेन ड्राइव्हवर लिहिण्यात जो वेळ जातोय तो थांबवा. ब्रँडेड मशीनचं बायोस कारखान्यातून विंडोजसाठी लावून दिलेलं असतं, आणि रिफर्बिश्ड मशीनमध्ये त्यावर आधीच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांनी केलेले बदलही बसलेले असतात. तुमच्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी आडव्या आल्यात, म्हणून सगळा गुंता वाटतोय. एकेक सुटी करू.

सुरुवात एसएसडी न दिसण्यापासून. हीच मुख्य गोष्ट आहे.

बायोसमध्ये साटा कंट्रोलरचे (डिस्क सांभाळणाऱ्या भागाचे) साधारण दोन मोड असतात: एएचसीआय (ड्राइव्ह सरळ दाखवणारा) आणि रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्यासाठीचा). ब्रँडेड डेस्कटॉप बहुतेक वेळा ‘रेड ऑन’ लावूनच येतात, मग आत एकच ड्राइव्ह का असेना. या मोडमध्ये इंटेलच्या चिपसेटमधला साटा कंट्रोलर एनव्हीएमई एसएसडीला स्वतःच्या मागे लपवतो. एरवी एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआय बसवर स्वतंत्रपणे दिसतो. इथे तो दिसतच नाही. विंडोजमध्ये इंटेलचं आरएसटी ड्रायव्हर असतं, त्याला ही लपण्याची जागा माहीत असते, म्हणून विंडोज बिनबोभाट चालतं. लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, ती जागा उघडता येत नाही. २०१६ साली खुद्द इंटेलकडून त्यासाठी पॅच आला होता, पण हार्डवेअर असं लपवणं कर्नेलवाल्यांना मुळातच पटलं नाही आणि तो घेतला गेला नाही. त्याच वर्षी लेनोवोच्या योगा ९०० लॅपटॉपवरून मोठा गदारोळ झाला होता, कारण त्याच्या बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच दिलेला नव्हता; पुढे कंपनीला लिनक्ससाठी वेगळं बायोस काढावं लागलं. तुमच्या मशीनमध्ये पर्याय आहे, तेव्हा त्या मानाने तुम्ही सुखी.

साटा केबलने जोडलेली हार्डडिस्क मात्र रेड मोडमध्येही लिनक्सला नीट दिसते. म्हणूनच डेबियनला १ टीबीची डिस्क दिसली आणि २५६ जीबीची नाही. उबुंटूचा इन्स्टॉलर हे ओळखून स्पष्ट सांगतो, डेबियनचा दिसेल तेवढं दाखवून पुढे जातो. खात्री करायची असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) मशीन चालू करा, टर्मिनल उघडा आणि कर्नेलचा लॉग बघा. त्यात ‘रिमॅप्ड एनव्हीएमई’ हे शब्द सापडले आणि पुढच्याच ओळीत बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या असा सल्ला दिसला, की निदान पक्कं. कर्नेल इतकं स्पष्ट क्वचितच बोलतो, पण तो लॉग उघडून कोणी बघत नाही.

आता निळा पडदा. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं काहीतरी त्यावर आलं असेल. विंडोज बिघडलेलं नाही. ते बसवलं तेव्हा कंट्रोलर रेड मोडमध्ये होता, त्यामुळे चालू होताना फक्त आरएसटीचं ड्रायव्हर उचलायचं एवढंच त्याला माहीत आहे. तुम्ही मोड बदलला, ते ड्रायव्हर निकामी झालं, आणि एएचसीआयचं ड्रायव्हर डिस्कवर असूनही सुरुवातीला उचललं गेलं नाही. सेफ मोडमध्ये विंडोज मूळ ड्रायव्हरांचा संच उचलतं, त्यात एएचसीआयही असतं. याचाच फायदा घ्यायचा.

पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नका, कारण डेटा जातो तो इथे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक मशीनवर विंडोज न विचारता डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवतं. सेटिंग्जमध्ये ते ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने दिसतं. बायोसमध्ये साटा मोड किंवा सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बदललं, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर तुमच्या टॅलीचा डेटा तुमच्याच डिस्कवर, तुमच्याच डोळ्यांसमोर बंद. रिफर्बिश्ड मशीनमध्ये आणखी एक भानगड असते: विंडोज विक्रेत्याच्या खात्यावर सुरू केलेलं असेल, तर की त्याच्या खात्यात जाऊन बसलेली असू शकते. तेव्हा आधी एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर नुसतं ‘सस्पेंड’ करू नका, कारण ते सहसा एकाच रीस्टार्टपुरतं टिकतं आणि आपल्याला मशीन बरेचदा चालू-बंद करायचंय. पूर्ण बंद करा, डीक्रिप्ट होऊ द्या, चहा घ्या. २५६ जीबीला फार वेळ लागत नाही. आणि टॅलीचं डेटा फोल्डर आजच्या आज वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. हार्डडिस्कवर नको, तीही याच डब्यात आहे.

त्यानंतर क्रम असा. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग हा सेटिंगचा प्रोग्रॅम उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा, ‘मिनिमल’ तसंच राहू द्या. रीस्टार्ट करा, आणि विंडोज उघडू न देता थेट बायोसमध्ये शिरा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोच्या थिंकसेंटरला एफ१, एसरला बहुधा डिलीट किंवा एफ२. डेलमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’खाली ‘साटा ऑपरेशन’ सापडेल. थिंकसेंटरमध्ये ‘डिव्हाइसेस’मध्ये ‘एटीए ड्राइव्ह सेटअप’. एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये स्टोरेज कंट्रोलर रेडसाठी किंवा ऑप्टेनसाठी (इंटेलची कॅशे मेमरी) लावायच्या टिका असतात, त्या काढायच्या. एएचसीआय करून सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. तिथे पुन्हा एमएसकॉन्फिग, टिक काढा, रीस्टार्ट. संपलं. विंडोज आता कायमचं एएचसीआयवर चालेल, आणि वेगात तुम्हाला कसलाही फरक जाणवणार नाही. एक सूचना: सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड लक्षात असल्याची खात्री आधी करून घ्या.

तुमच्या मशीनमध्ये तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये १ टीबी हार्डडिस्क आणि १६ जीबीचं ऑप्टेन असेल, तर जपून. ते १६ जीबीचं कार्ड म्हणजे छोटी एसएसडी नव्हे. ते हार्डडिस्कचं कॅशे म्हणून जोडलेलं असतं. आधी विंडोजमधल्या इंटेलच्या प्रोग्रॅममधून ऑप्टेन बंद करायचं, मगच बायोसला हात लावायचा. उलट क्रमाने केलं तर हार्डडिस्कवरचं विंडोज अर्धवट होऊन बसतं. अकराव्या पिढीपासून पुढच्या इंटेल मशीनवर याच जागी ‘व्हीएमडी’ हे नाव दिसेल. त्याचं ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे, त्यामुळे नव्या डिस्ट्रोला तिथली एसएसडी पुष्कळदा दिसते. नाहीच दिसली तर वरचाच उपाय, फक्त बंद करायचं ते व्हीएमडी.

तिसरी गोष्ट, लिनक्स टाकूनही मशीन विंडोजमध्येच जाणं. इथे दोन शक्यता आहेत आणि कोणती खरी ते बूट मेन्यू सांगतो. मशीन चालू करताना डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबा. यादीत ‘डेबियन’ हे नाव आहे का?

असेल, तर फक्त क्रमाचा प्रश्न आहे. बायोसच्या बूट सीक्वेन्समध्ये ते ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर न्या.

नसेल, तर तुम्ही बहुधा पेन ड्राइव्ह लेगसी मोडमध्ये चालू केला होता. आठव्या पिढीच्या काळातल्या पुष्कळ डेस्कटॉपवर यूईएफआय (नवा) आणि लेगसी (जुना) असे सिस्टिम सुरू करण्याचे दोन्ही रस्ते उघडे असतात, आणि बूट मेन्यूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसता, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. नुसता निवडला की इन्स्टॉलर लेगसी पद्धतीने चालतो आणि बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरवर लिहितो. तुमचं विंडोज यूईएफआयवर आहे. त्या रस्त्याने जाणारं मशीन तो सेक्टर वाचतच नाही. लाइव्ह सिस्टिममध्ये तपासायची सोपी खूण: सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, आणि त्यात ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. नसेल तर बंद करा आणि पुन्हा नीट चालू करा. बायोसमध्ये ‘लेगसी ऑप्शन रॉम’ किंवा ‘सीएसएम’ बंदच करून टाका म्हणजे चुकीचा रस्ता उरणार नाही. रुफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह बनवत असाल तर पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय.

तिसरी एक जातही असते, चिवट. यादीत लिनक्सचं नाव येतं, तुम्ही वर नेता, सेव्ह करता, आणि दोन रीस्टार्टनंतर विंडोज पुन्हा वर. काही ब्रँडांचं फर्मवेअर ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव सोडून दुसऱ्याला फारसं जुमानत नाही. यावर मी वापरतो ते दोन उपाय. डेलसारख्या बायोसमध्ये ‘अॅड बूट ऑप्शन’ असतं. तिथून ईएफआय पार्टिशनमधल्या (बूटच्या फाईली असलेला डिस्कचा छोटा भाग) उबुंटूच्या फोल्डरात जाऊन शिम नावाने सुरू होणारी फाईल (सिक्युअर बूटमधून लिनक्सच्या बूटलोडरला पार नेणारी) हाताने निवडायची आणि तिला आपलं नाव द्यायचं. हा पर्याय नसेल तर ईएफआय फोल्डरमधलं ‘बूट’ नावाचं फोल्डर बघा. त्यात बूटएक्स६४ नावाची फाईल असते. कुठलीच नोंद सापडली नाही तर यूईएफआय शेवटी हीच फाईल उचलतं. तिची प्रत बाजूला ठेवून तिच्या जागी शिमची प्रत त्या नावाने ठेवायची आणि शेजारी ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरची फाईलही ठेवायची. मग बूट मेन्यूतून विंडोजऐवजी तो एसएसडी ड्राइव्हच निवडून वर न्यायचा. विंडोजच्या स्वतःच्या फाईलवर मात्र कधीही लिहू नका. तसा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. पुढच्या मोठ्या अपडेटला विंडोज ती फाईल पुन्हा आपली करून घेतं आणि तुम्ही होतात तिथेच.

चौथी गोष्ट, काळी स्क्रीन. याचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही: ते जीटी ७३० काढून ठेवा.

आठव्या पिढीच्या आय-५ मध्ये इंटेलचं यूएचडी ६३० ग्राफिक्स असतं. टॅली, ब्राउझर, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ या सगळ्याला ते पुरून उरतं आणि लिनक्समध्ये कुठलंही ड्रायव्हर न टाकता चालतं. जीटी ७३० ही २०१४ सालची वस्तू. एन्व्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांचा पाठिंबा कधीच थांबवलाय, आणि त्यांच्यासाठीचं जुनं ४७० मालिकेचं ड्रायव्हर नव्या कर्नेलबरोबर बसवायची कसरत दरवेळी तुम्हालाच करावी लागेल. शिवाय याच नावाखाली त्याहून जुन्या चिपची कार्डंही विकली गेलीत, त्यांना ४७०सुद्धा चालत नाही. विक्रेते हे कार्ड घालतात कारण ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’ जाहिरातीत छान दिसतं. मुलीला कुडा (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करण्याचं एन्व्हिडियाचं तंत्र) शिकायचं असेल तर त्यालाही आता त्याचा उपयोग नाही.

कार्ड काढलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. हे सांगावं लागतं, कारण कार्ड असताना ब्रँडेड मशीनचं बायोस मदरबोर्डवरचं ग्राफिक्स पुष्कळदा आपणहून बंद करतं. काळ्या स्क्रीनच्या तक्रारींपैकी बऱ्याच नुसत्या ‘केबल चुकीच्या भोकात’ एवढ्याच असतात. छोट्या डेस्कटॉपला मागे फक्त डिस्प्लेपोर्ट असतात आणि आपल्याकडे मॉनिटर जुना व्हीजीएचा. मधे लागणारं कन्व्हर्टर चांगल्या प्रतीचं घ्या. त्यात आतमध्ये सर्किट असतं, आणि अगदी स्वस्तातलं घेतलं तर ते मॉनिटरची ओळख कर्नेलला नीट सांगत नाही. मग रिझोल्यूशन चुकतं किंवा काहीच दिसत नाही.

कार्ड ठेवायचंच असेल तर इन्स्टॉल करताना ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट हा शब्द लिहा आणि एफ१० दाबा. ‘सेफ ग्राफिक्स’ हेच करतं. तो शब्द कायम ठेवू नका. त्याने ग्राफिक्सचं खरं ड्रायव्हर बाजूला पडतं आणि मशीन विनाकारण मंद वाटतं. आणि सिक्युअर बूट चालू असताना एन्व्हिडियाचं ड्रायव्हर टाकलंत तर पुढच्या रीस्टार्टला ‘एनरोल एमओके’ असा निळा मेन्यू येतो. थोडा वेळ कळ दाबली नाही तर तो निघून जातो, ड्रायव्हर सही नसल्याने चालत नाही, आणि माणूस दुसऱ्या दिवशी डिस्ट्रोला शिव्या देतो. तो मेन्यू आला की थांबायचं, ‘एनरोल’ निवडायचं, इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा.

सिक्युअर बूट मुळात बंद करावं का? तुमच्यासाठी गरज नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट या सगळ्यांचं शिम मायक्रोसॉफ्टच्या सहीचं असतं, ते चालतं. काही नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टची ‘थर्ड पार्टी’ सही मान्य करण्याची टिक बायोसमध्ये बंद असते, तेवढी चालू करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांचं विंडोजसोबत बसवलेलं (ड्युअल बूट) लिनक्स ‘एसबीएटी’ असा शब्द असलेली चूक दाखवून बंद पडलं होतं. तसं काही दिसलं तर घाबरू नका: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, लिनक्स सुरू, शिमसकट सगळे अपडेट, पुन्हा चालू. दुसरं, या सह्यांची २०११ सालची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतीबाहेर जातात. बसलेलं लिनक्स त्याने बंद पडत नाही, पण पुढची शिम २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राच्या सहीने येणार, आणि जुन्या बायोसला ते माहीत नसतं. म्हणून कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं शेवटचं बायोस आत्ताच घालून घ्या. विंडोज आहेच, त्यातून ते अगदी सोपं आहे. फक्त त्या पाच मिनिटांत लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा किंवा यूपीएसवर करा. बायोस लिहिताना वीज गेली तर मशीन दुरुस्तीला न्यावं लागू शकतं.

रिफर्बिश्डचा आणखी एक खास त्रास: बायोसला पासवर्ड. मोठ्या कंपन्यांच्या आणि बँकांच्या लॉटमधून आलेल्या मशीनवर अॅडमिन पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि यूएसबीवरून बूट करणंही बंद केलेलं असतं. तुम्हाला मोड बदलता आला म्हणजे तुमच्याकडे तो नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मदरबोर्ड उघडून उद्योग करण्यापेक्षा विक्रेत्याकडूनच तो काढून घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, मशीन ताब्यात घेताना बायोस उघडून दाखवायला सांगायचं, हे दोन मिनिटांचं काम आहे.

आता प्रत्यक्ष बसवणं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या पर्यायांत जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज खरं बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहू दिलं जात नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ६० जीबीने लहान करा. मोकळी जागा तशीच सोडा, फॉरमॅट करू नका. पार्टिशन लहान करण्याचं काम विंडोजकडूनच करवून घ्यायचं. तिथली छोटी, बिननावाची पार्टिशनं म्हणजे कचरा नाही: १०० एमबीच्या आसपासचं ते ईएफआय, आणि दुसरं रिकव्हरी.

आणि मशीन बंद करून, वायर काढून, हार्डडिस्कची साटा केबल उपसून ठेवा. इतकं सगळं इन्स्टॉलर विचारत असताना हे कशाला, असं वाटेल. पण तुमच्या हार्डडिस्कवर आधीच्या प्रयत्नातलं डेबियन आहे, कदाचित त्याचं स्वतःचं ईएफआय पार्टिशनही. दोन डिस्क समोर असल्या की बूटलोडर कोणत्या डिस्कवर जाईल हे इन्स्टॉलर नेहमी तुमच्या मनासारखं ठरवत नाही. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची ही प्रसिद्ध खोड. एक डिस्क समोर असली की चुकायला वावच नाही. डेस्कटॉपवर हे एका केबलचं काम आहे, लॅपटॉपवाल्यांना ही चैन नाही.

पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा. डाउनलोड केलेल्या आयएसओ फाईलची शा-२५६ बेरीज डिस्ट्रोच्या साइटवरच्या बेरजेशी जुळवून बघा. इन्स्टॉल मधेच ‘स्क्वॉशएफएस’ची चूक दाखवून तुटलं तर पेन ड्राइव्ह खराब आहे, डाउनलोड अर्धं आहे किंवा रॅम सडली आहे, रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर लावा. एवढं झालं की ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडा. उबुंटू २४.०४ किंवा मिंट २२, जे आवडेल ते; दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबी रॅमला मिंट थोडं हलकं पडतं, आणि विंडोजची सवय असलेल्याला मेन्यूही ओळखीचा वाटतो. मुलीच्या जागी मी असतो तर उबुंटू घेतलं असतं, कारण अभ्यासक्रमातली बहुतेक मार्गदर्शनं तेच धरून लिहिलेली असतात. वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते लगेच कळतं, आणि मग वाय-फायचं ड्रायव्हर त्याच इंटरनेटवरून उतरवता येतं.

लिनक्स एसएसडीवर सुरू झालं की हार्डडिस्कची केबल परत लावा, त्यावरचं जुनं डेबियन पुसा आणि ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा म्हणजे दोन्हीकडून वापरता येईल. चालू करताना ग्रबच्या यादीत विंडोज दिसलं नाही, तर ते गेलेलं नाही. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाईल आहे, तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या नावाची ओळ शोधा. शब्द अधोरेषांनी जोडलेले असतात आणि ओळीच्या सुरुवातीला शेऱ्याची # ही खूण असेल. शेऱ्याची खूण काढा, किंमत ‘फॉल्स’ ठेवा, आणि अपडेट-ग्रब चालवा.

शेवटचं, घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात आणि वेळ साडेपाच तास मागे दिसली, तर मशीनमध्ये काही बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगा. टॅलीच्या व्हाउचरवर चुकीची तारीख पडण्यापेक्षा ते बरं. पण वेळ साडेपाच तासांनी न चुकता थेट काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. रिफर्बिश्ड मशीनमध्ये तो मूळचाच असतो. तो संपला की प्लग काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातं, म्हणजे तुमचं एएचसीआय पुन्हा रेड होतं, आणि काल चालणारं लिनक्स आज एसएसडीच दिसत नाही म्हणतं. सेल किरकोळ किमतीचा आहे. कार्ड काढायला डबा उघडाल तेव्हाच बदलून टाका.